काळी गाडी, बोअरचं पाणी

छत्रपती संभाजीनगरात काळ्या रंगाची गाडी घेतली की सल्ले फुकट मिळतात. माझ्या धाकट्या बहिणीनं घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त सल्ले आमच्या मामांनी दिले. मामांची सगळी नोकरी वाळूजच्या एका वाहन कारखान्यात, पेंट शॉपमध्ये झाली. आता ते सिडकोत राहतात आणि स्वतःची जुनी पांढरी गाडी महिन्यातून एकदा धुतात, तीही मनात आलं तर. धाकटी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्याकडे फोम गन आहे, तीन रंगांची मायक्रोफायबरची फडकी आहेत, पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं टीडीएस मीटर आहे. गाडी टिकावी असं दोघांनाही वाटतं. मामांचं म्हणणं, गाडीला जितके कमी हात लागतील तितकी ती टिकते. धाकटीचं म्हणणं, हात न लावता सोडलेल्या गाडीला ऊन आणि धूळच खाऊन टाकते.

या शहराला गाड्यांचं वेड आजचं नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, शेंद्र्याला स्कोडा २००१ मध्ये आली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्या बातमीनं गावाचं नाव देशभर झालं. त्याच गावात नळाला पाणी कोणत्या वारी येणार हे फ्रिजवर लिहून ठेवावं लागतं. मधले दिवस बोअर आणि टँकरवर निघतात. त्या दीडशे गाड्या धुवायच्या कशानं, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरातला वाद मात्र नेमका पाण्यावरूनच पेटला. तो जसा झाला तसा देतो. मध्येमध्ये माझंही नाक खुपसेन, तेवढं चालवून घ्या.

मामा : रविवारी खाली काय करायली होतीस? अख्ख्या पार्किंगमध्ये फेस. वॉचमनला वाटलं, कुणाचं वॉशिंग मशीन फुटलं.

धाकटी : फोम वॉश करत होते, मामा. आधी फेस मारायचा, पाच मिनिटं थांबायचं. धूळ सुटून ओघळते. मग पाणी मारायचं आणि त्यानंतरच गाडीला हात लावायचा.

मामा : पाणी किती गेलं?

धाकटी : प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर घेतो. बागेचा पाइप त्याच्या दुप्पट घेईल.

मामा : म्हणजे दहा-बारा मिनिटांत सत्तर-ऐंशी लिटर. टँकरच्या पाण्याचा फेस! मी एका बादलीत उरकतो. आणि रोज सकाळी झटकणी मारली की बादलीसुद्धा लागत नाही.

धाकटी : त्या झटकणीवरच तर बोलायचंय मला. आपल्याकडची धूळ कसली आहे सांगा. काळा दगड, क्रशरची भुकटी, रस्त्याच्या कडेचा मुरूम. बेसॉल्टमधली खनिजं सुरीच्या पोलादाला भारी पडतील इतकी कडक असतात. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट काही झालं तरी प्लॅस्टिकच. झटकणी ती धूळ उचलते थोडीच, पत्र्यावरून ओढत नेते.

मामा : इतकी वर्षं सगळे ड्रायव्हर हेच करत आले.

धाकटी : म्हणून तर जालना रोडला सिग्नलवर पुढच्या काळ्या गाडीच्या डिकीवर ऊन पडलं की कोळ्याचं जाळं दिसतं.

इथं पहिलं नाक खुपसतो. हे जाळं गोल दिसतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की गोल गोल पुसल्यामुळं ते झालं. ओरखडे प्रत्यक्षात सगळ्या दिशांनी गेलेले असतात. त्यांतले जे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात, आणि प्रतिबिंबाभोवती वर्तुळं उमटल्याचा भास होतो. दोन पावलं बाजूला सरका, जाळंही तुमच्याबरोबर सरकतं. तेव्हा सरळ पुसल्यानं ओरखडे पडायचे थांबत नाहीत. खडा पत्र्यावर घासला की ओरखडा आला, हात कसाही फिरो. कोरड्या झटकणीच्या बाबतीत धाकटीचं शंभर टक्के बरोबर आहे. सोसायटीत सकाळी एकाच ओल्या फडक्यानं दहा गाड्या पुसल्या जातात तिथंही हेच लागू. पहिल्या गाडीचा मुरूम दहाव्या गाडीवर जातो.

मामांनी हे मान्य केलं नाही, पण झटकणीचा विषय सोडला. पेंट शॉपचा माणूस, त्यांनी वाद स्वतःच्या अंगणात नेला.

मामा : ओरखडे पडले, बरं. मग तू काय करणार?

धाकटी : पॉलिश. मशीन घेतलंय. आधी कंपाउंड, मग बारीक पॉलिश. आरसा होतो.

मामा : आरसा कसा होतो ठाऊक आहे? ओरखडा भरून येत नसतो. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा कोट खरवडून काढतेस तू, म्हणून तो दिसेनासा होतो. आता ऐक. बॉडी आधी फॉस्फेटच्या टाकीत जाते, मग ईडीच्या टाकीत. विजेच्या भारानं प्रायमर पत्र्याच्या कानाकोपऱ्यात चिकटतो. १८० अंशांच्या आसपास भट्टी. त्यावर सरफेसर, त्यावर बेस कोट, म्हणजे तुझा काळा रंग, आणि शेवटी क्लिअर. परत भट्टी, १४० च्या आसपास. हे सगळं मिळून जाडी किती? शंभर ते एकशेवीस मायक्रॉन. मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हण. त्यात क्लिअर पस्तीस ते पन्नास. माणसाचा केसही त्याहून जाड असतो. आणि उन्हापासून रंग वाचवायचं औषध सगळं त्या क्लिअरमध्ये.

धाकटी : एका पॉलिशला दोन-तीन मायक्रॉन जातात, मामा.

मामा : कंपाउंडनं जास्त जातात, आणि दरवाजाच्या कडेला, बॉनेटच्या घडीवर त्याहून जास्त. तिथं मुळातच कोट पातळ बसतो. वर्षाला दोनदा केलंस तर पाच वर्षांनी काय उरेल याचा हिशेब तूच कर, इंजिनिअर तू आहेस. छतावर पांढरे पापुद्रे सुटलेल्या जुन्या गाड्या पाहिल्यास ना? क्लिअर संपला की रंग उघडा पडतो. मग भट्टी मिळत नाही, गल्लीतला डेंटिंग-पेंटिंगवाला मिळतो. त्याच्या बूथमध्ये साठ अंश. तिथं १४० लावले तर गाडीची वायरिंग आणि प्लॅस्टिक वितळेल. कारखान्याचा कोट आयुष्यात एकदाच मिळतो.

धाकटी यावर गप्प बसली. नंतर तिनं जाडी मोजायचं मीटर मागवलं, म्हणजे मुद्दा पटला होता. पॉलिश करूच नये असं मामांचंही म्हणणं नाही. गाडी घेतल्यावर किंवा विकण्याआधी एकदा, हलक्या हातानं करावं, कडांना टेप लावून. मात्र दर दिवाळीला बफिंग करून घेणाऱ्यांनी मामांचं हे भाषण ऐकावं.

आता पाणी. माझ्या मते या शहरापुरता हाच खरा विषय आहे.

धाकटी : ओरखड्यांपेक्षा मला डागांचा वैताग आहे. धुऊन अर्धा तास झाला की पांढरे ठिपके.

मामा : बोअरचं पाणी. उन्हात धुतलंस?

धाकटी : सावलीत, सकाळी सातला. तरी पडले. मीटर टाकलं तर नऊशेच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाचशे ही हवीशी मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतात. म्हणजे आपलं पाणी कायद्यात बसतं, गाडीवर बसत नाही. लिटरला नऊशे मिलिग्रॅम क्षार. धुऊन झाल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं असेल तर पाणी उडून जातं आणि पाव ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार काळ्या रंगावर बसतात.

मामा : मी तर आरओचं सोडलेलं पाणी वापरतो. वाया जाण्यापेक्षा बरं.

धाकटी : अय्यो मामा! ते सगळ्यात वाईट. सहाशेचं पाणी आरओत गेलं आणि त्यातला तिसरा हिस्सा गोडा होऊन निघाला, तर त्या गोड्या पाण्याचे क्षार उरलेल्या दोन हिश्शांत ढकलले जातात. ते पावणेनऊशेच्या घरात जातं. फरशीला वापरा, संडासला वापरा. गाडीला शेवटचा हात त्या पाण्याचा नको.

मामा : मग शेवटचा हात कशाचा?

धाकटी : एसीच्या नळीखाली बादली ठेवा.

हा उपाय मला फार आवडला, कारण तो फुकट आहे आणि बरोबर आहे. एसीच्या नळीतून टपकतं ते हवेतल्या बाष्पाचं पाणी. त्यात क्षार जवळपास नसतात. कॉइलवरची धूळ असते, म्हणून फडक्यातून गाळून घ्यायचं. अडचण एकच. मे महिन्यात, गाडीला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा, आपली हवा इतकी कोरडी असते की रात्रभर एसी चालवून तळ झाकेल एवढंच पाणी मिळतं. जून उजाडला की बादली भरते. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीचं पाणीही चालतं, फक्त पहिल्या एक-दोन सरी सोडून द्यायच्या. ज्या शहरात मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर खेळवून पाणी आणलं, तिथं आज आपण एसीच्या नळीखाली बादली धरतो. असो.

ठिपके ताजे असतील तर आम्लानं निघतात. एक भाग साधं पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी. किंवा लिटरभर पाण्यात छोटा चमचा लिंबूसत्त्व. सावलीत, गार पत्र्यावर, मऊ फडक्यानं लावायचं, मिनिटभरानं पुसून साध्या पाण्यानं काढायचं. उन्हात महिनाभर भाजलेला ठिपका मात्र क्लिअरमध्ये खड्डा करून बसतो. तो काढायला पॉलिशच लागतं, आणि पॉलिशचं मामांनी सांगितलंच आहे.

एका बादलीत उरकायच्या मामांच्या सवयीला धाकटीनं शेवटी स्वतःची फडकी जोडली. आठ-दहा लिटर पाण्यात, न खंगाळता चालणारं वॉश लिक्विड बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकायचं. सात-आठ मायक्रोफायबर त्यात भिजवून ठेवायचे. एक काढायचा, घडी घालून त्याच्या आठ बाजू करायच्या. छतापासून सुरुवात, दरवाजाचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. एका बाजूनं एक पट्टा पुसला की घडी उलटायची. आठही बाजू संपल्या की ते फडकं परत बादलीत टाकायचं नाही, बाजूला ठेवायचं. सगळं गुपित एवढ्यात आहे, कारण मळलेलं फडकं परत बुडवलं की बादलीत गाळ आणि गाडीवर ओरखडे. चाकांना वेगळं, जुनं फडकं. ब्रेकचं लोखंड तिथंच असतं. पावसात शेतरस्त्यानं जाऊन आलेली, चिखल थापलेली गाडी या पद्धतीनं धुऊ नये. तिला आधी पाणीच मारावं लागतं, तिथं फोम गनला तोड नाही.

फडक्यांवरून एक छोटी चकमक झाली, ती सांगून टाकतो.

मामा : जुना बनियन काय वाईट आहे? सुती, मऊ.

धाकटी : त्याची शिवण वाईट आहे. आणि सुती धागा खडा पृष्ठभागावरच धरून ठेवतो. मायक्रोफायबरचे तंतू चिरलेले असतात, धूळ त्यांच्या आत जाते. पण ते धुताना सॉफ्टनर टाकला की तंतू बुजतात, इस्त्री केली की वितळतात, आणि टॉवेलबरोबर धुतले की टॉवेलचं लिंट घेऊन येतात. मामी सगळं एकत्र मशीनला टाकते.

मामा : ते तू मामीला सांग.

भांड्याचं लिक्विड रंगाला जाळत नाही, पण वरचं मेण काढून टाकतं. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, ती नकोच. डिझेल किंवा रॉकेल लावून चमकवणारे अजून आहेत. ती चमक तेलाची असते, दुपारपर्यंत धूळ ओढते आणि दरवाजाची रबरं फुगवते. यावर दोघांचं एकमत आहे.

यानंतर खरी लढाई. धाकटीला सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचं होतं.

मामा : काय असतं त्यात?

धाकटी : सिलिकाचं रसायन. क्लिअरवर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा पक्का थर बसतो. नाइन एच कडकपणा.

मामा : नाइन एच कशातलं?

धाकटी : म्हणजे... कडकपणाचं माप.

मामा : पेन्सिलीचं माप. आमच्या लॅबमध्ये रोज करायचो आम्ही. एचबीपासून पेन्सिली घ्यायच्या, एका कोनात धरून कोटवर ढकलायच्या, कोणत्या पेन्सिलीनं ओरखडा पडतो ते बघायचं. नाइन एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिल. पेन्सिल! तुझा क्रशरचा दगड नव्हे. लोक समजतात, नाइन एच लावला की किल्लीनं खरवडलं तरी काही होत नाही.

धाकटी : ओरखड्यांसाठी नाही घेत मी. पाणी टिकत नाही, मणी होऊन घसरतं.

मामा : उभ्या दरवाजावर घसरतं. आडव्या बॉनेटवर मणी बसून राहतो. नऊशे टीडीएसचा मणी. पसरलेलं पाणी वाळलं तर पातळ थर राहतो, मणी वाळला तर सगळा क्षार एका ठिपक्यात गोळा होतो. तुझे ठिपके वाढणार.

धाकटी : पुसलं नाही तर. पुसायला सोपं जातं हाच तर फायदा आहे. आणि तुमचं मेण काय करतं? कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. मे महिन्यात काळं बॉनेट सत्तरीच्या आसपास असतं. महिन्या-दोन महिन्यांत गेलं ते. युरोपात टिकत असेल, चिकलठाण्यात नाही टिकत.

मामा : जाऊ दे गेलं तर. परत लावू. जाण्यासाठीच असतं ते. पक्षी हगला तर मेण खातं, क्लिअर वाचतो. अजिंठ्याला काय झालं ते ऐकलंस ना?

धाकटी : अजिंठ्याचं इथं काय?

मामा : चित्रं वाचावीत म्हणून तिथंही कोटिंगच केलं होतं. इंग्रजांच्या काळात नकला काढणाऱ्यांनी वॉर्निश मारलं. मग निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला चिकटवला, चांगलं काम केलं, पण वरून लाख दिली. ती पिवळी पडली. पुढच्या लोकांना ती उतरवत बसावं लागलं.

धाकटी : ती लाख होती, मामा. झाडावरच्या किड्याची. सिलिका पिवळी पडत नाही.

मामा : न पडो. माझा प्रश्न पिवळं पडण्याचा नाहीच. नको झालं, डाग बसले, कुठं दरवाजा रंगवायची वेळ आली, तर ते काढायचं कशानं? मेण शाम्पूनं निघतं. तुझं सिरॅमिक निघतं पॉलिशनं, म्हणजे परत माझ्या क्लिअरवरच आलीस तू.

मला वाटतं, मामांनी इथं वाद जिंकला, आणि तो गाडीच्या तज्ज्ञापेक्षा अजिंठ्याच्या शेजाऱ्यानं जिंकला. जुन्या वास्तू राखणारे लोक आज हाच नियम पाळतात: आपण चढवलेला थर पुढच्या माणसाला मूळ वस्तूला धक्का न लावता काढता आला पाहिजे. धाकटीचा उन्हाचा मुद्दाही खोटा नाही. म्हणून मधला मार्ग निघाला तो सिंथेटिक सीलंटचा. तो मेणापेक्षा ऊन जास्त सोसतो, तीन-चार महिने काढतो आणि झिजून जातो. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीआधी एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा, हातानं लावायचा. लावण्याआधी पॉलिथिनच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर लोखंडाचे, डांबराचे कण चिकटलेत, ते क्ले बारनं उचलायचे. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी बॉनेट आणि बंपरला पारदर्शक पीपीएफ लावावी. ती पॉलियुरेथेनची फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या रंगाहून जाड, आणि सोलून काढता येते. समृद्धी महामार्गानं नागपूर गाठणाऱ्यांना तिचा उपयोग खडीसाठीही होतो आणि किड्यांसाठीही. सावंगीला चढून ताशी शंभरच्या वर गेलं की रात्रीतून बंपरवर किड्यांचा लेप बसतो. तो दुसऱ्या दिवशी दुपारी नाही, पोचल्या पोचल्या ओल्या फडक्यानं भिजवून उचलायचा.

पक्ष्यांच्या विष्ठेलाही तीच घाई. त्यात यूरिक आम्ल असतं हे सगळे सांगतात; उन्हाचं काम कमी सांगितलं जातं. दुपारी क्लिअर तापून मऊ होतो, संध्याकाळी गार होऊन आकसतो, आणि वर वाळलेल्या विष्ठेचा खडबडीतपणा त्यावर उमटतो. नखानं खरवडू नका, आत बिया आणि वाळू असते. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मग उचला. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत चिकटा मिळतो. तो तुडतुड्यांनी सोडलेला गोड रस असतो, कोमट पाण्यानं ताजा असतानाच जातो. सावली म्हणून कव्हर घालत असाल तर स्वच्छ गाडीवरच घाला. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं रात्रभर हलतं आणि सगळी गाडी घासून काढतं.

दसऱ्यावरून मात्र वादात मामीही उतरल्या. धाकटीनं बॉनेटवर स्वस्तिक काढू द्यायला नकार दिला.

मामा : खंडेनवमीला आम्ही स्प्रे गनचीसुद्धा पूजा करायचो. गाडीनं काय पाप केलं?

धाकटी : पूजा करा ना. पण कुंकू हळदीला चुना मारून करतात, नाहीतर कृत्रिम रंगाचं असतं. ओलं करून तापलेल्या बॉनेटवर दोन दिवस ठेवलं की डाग जात नाही. हाराची तार समोरच्या जाळीवर घासते ती वेगळीच.

तोड मामींनी काढली. बॉनेटवर विड्याचं पान ठेवायचं, हळद-कुंकू पानाला. स्वस्तिक काढायचंच असेल तर समोरच्या काचेच्या कोपऱ्यात. काच काही शोषत नाही. झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला, तारेत नाही, आणि संध्याकाळी उतरवायचा. देवही राजी, क्लिअरही राजी. कर्णपुऱ्याच्या यात्रेला मात्र मामींनी रिक्षानं जायचा हुकूम काढला. तिथल्या धुळीत आणि गर्दीत गाडी नेऊच नये, यात शहाणपण आहे.

काचेवर फारसा वाद नाही. बाहेरच्या काचेवर कोरडा वायपर फिरवणं हा झटकणीचाच गुन्हा. आधी पाणी, मग वायपर. उन्हानं वायपरचं रबर इथं लवकर कडक होतं, ते पावसाआधी बदलावं. आतल्या बाजूला जो धुरकट थर येतो तो सिगारेट न ओढणाऱ्यांच्या गाडीतही येतो, कारण तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून वाफ निघून काचेवर बसते. रात्री समोरचे दिवे त्यामुळं फाकतात. मामा अजून वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्यानं पुसतात, आणि काच निघते छान. शाई रबरांना आणि पांढऱ्या अस्तराला लागते एवढंच. मागच्या काचेवरच्या तापणाऱ्या रेषांच्या दिशेनंच आडवं पुसायचं. काळ्या फिल्मचा मोह नको. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला लगाम घातला. नियमानं समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायलाच हवा. गाडी उभी असताना समोर चंदेरी पडदा लावला तर डॅशबोर्ड वाचतो.

आतल्या भागावर मामांनी पुन्हा पेंट शॉप आणलं.

मामा : डॅशबोर्डला ते चकचकीत पॉलिश लावू नकोस. सिलिकॉन आहे त्यात.

धाकटी : सिलिकॉननं प्लॅस्टिकला काही होत नाही.

मामा : प्लॅस्टिकला नाही. आमच्या शॉपमध्ये केसांना क्रीम लावून यायला मनाई होती. सिलिकॉनचा कण जरी बॉडीवर पडला तरी रंग तिथून पळतो, माशाच्या डोळ्याएवढा खड्डा पडतो. तू स्प्रे मारतेस, तो उडून दाराच्या पत्र्यावर बसतो. उद्या दरवाजा रंगवायला दिला की पेंटर तुला शिव्या देईल.

धाकटी : मला तो आवडत नाही वेगळ्या कारणासाठी. चकाकी समोरच्या काचेत दिसते, दुपारी रस्ता दिसत नाही. मी मॅट वापरते, आणि फडक्यावर मारून पुसते.

बहुतेक गाड्यांच्या लेदर सीटवर लेदर नसतंच, रेक्झिनच्या जातीचं कापड असतं. त्याला लेदर क्रीम पाजून उपयोग नाही. पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. डोक्याच्या टेकणीवर खोबरेल तेलाचा थर बसतो, तो आठवड्याला पुसला तर पुसला जातो, वर्षानं पुसला तर रंग घेऊन येतो. कापडी सीटवर नान-खलिया सांडला, आणि या शहरात तो कधीतरी सांडतोच, तर घासायचं नाही. आधी टिपून घ्यायचं. मग भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात टाकून तेल काढायचं. हळदीचा पिवळा डाग राहील. त्याच्याशी भांडू नका, दरवाजा उघडा ठेवून त्यावर ऊन पडू द्या. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिटतो. गाडीवर एरवी इतका अत्याचार करणारं आपलं ऊन इथं कामाला येतं.

धाकटीची गाडी आता दहा-पंधरा दिवसांनी एका बादलीत धुतली जाते. मामांची झटकणी माळ्यावर गेली, असं ते सांगतात. मामी तसं सांगत नाहीत. माझा कौल असा: काय लावायचं ते मामांना विचारा, पुसायचं कसं ते धाकटीला विचारा. आणि आरओची नळी आज जर गाडी धुवायच्या बादलीत सोडलेली असेल तर ती संडासाच्या बादलीत वळवा, एसीच्या नळीखाली दुसरी बादली ठेवा.